हवेचा हिशेब : लहान संगणकांच्या घरगुती बांधणीविषयी

टेबलाखाली उभे असते ते नेहमीचे कॅबिनेट साधारण ४५ लिटर घनफळाचे असते. त्यातला मदरबोर्ड, प्रोसेसर आणि त्यावरचा कूलर, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, एसएसडी या सगळ्यांनी व्यापलेली जागा एकत्र मोजली, तर ती आठ-दहा लिटरांपुढे क्वचितच जाते. बाकी सगळी हवा. ही हवा तिथे आली कशी, आणि ती काढून टाकायची म्हटले तर काय काय बिघडते, हे दोन प्रश्न या विषयाच्या दाराशीच उभे आहेत. पहिल्याचे उत्तर इतिहासात आहे, दुसऱ्याचे भौतिकशास्त्रात. दोन्ही उत्तरे थोडीफार कळली की मग करवत, कानस आणि स्क्रूड्रायव्हर हाती घेऊन जे काही करायचे, ते घरच्या टेबलावर करता येते. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. मोजपट्टीवर विश्वास आणि कंटाळा न येणारा स्वभाव एवढे भांडवल पुरते.

आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत पाच स्लॉट होते, आणि ते उगीच नव्हते. पडद्यावर अक्षरे उमटवायला वेगळे कार्ड लागे, फ्लॉपी चालवायला वेगळे, मेमरी वाढवायची तर आणखी एक. समोर सव्वापाच इंची ड्राइव्हसाठी रुंद खण होते. १९८३ च्या एक्सटीत स्लॉट आठ झाले. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक जाहीर केले आणि मदरबोर्डचे माप ३०५ × २४४ मिलिमीटर ठरले. त्यानंतरच्या वीस वर्षांत ध्वनीचे आणि नेटवर्कचे कार्ड बोर्डातच विरघळले, फ्लॉपी गेली, सीडी गेली, आणि हार्ड डिस्कची जागा २२ × ८० मिलिमीटरच्या एका पट्टीने घेतली. भाडेकरू एकेक करून निघून गेले, वाडा मात्र तेवढाच राहिला.

तरीही एटीएक्सला नावे ठेवणे मला कृतघ्नपणाचे वाटते. बोर्डाची भोके कुठे, मागच्या पोर्टांची खिडकी किती रुंद, एसएमपीएसच्या कोणत्या तारेत किती व्होल्ट, हे सगळे एकदा जाहीर झाले म्हणूनच तैवानचा बोर्ड, अमेरिकेतल्या कंपनीचा प्रोसेसर आणि कोणाचेही कॅबिनेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या दुकानात तासाभरात एकत्र येऊ शकले. आपल्याकडे 'असेंबल्ड' संगणकाने घराघरांत प्रवेश केला तो या मानकाच्या जोरावर. लहान संगणकाचा छंदही त्याच मानकाच्या पोटी जन्मला आहे, त्याच्या विरोधात नाही, आणि हे विसरणाऱ्यांची फजिती कशी होते ते पुढे येईलच.

तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये मिनी-आयटीएक्स हे माप पुढे आणले : १७० × १७० मिलिमीटर, म्हणजे एटीएक्सच्या क्षेत्रफळाच्या ३९ टक्के. त्यांची नजर घरी बांधणाऱ्यांवर नव्हतीच. सायरिक्स आणि सेंटॉर या दोन प्रोसेसर-उद्योगांच्या खरेदीनंतर त्यांच्याकडे कमी वीज खाणारे प्रोसेसर आले होते, आणि त्यांना काउंटरमागची यंत्रे, टीव्हीखालची खोकी असे ग्राहक हवे होते. पण या मापात एक शहाणपण होते. त्याची चार भोके एटीएक्सच्या भोकांशी जुळतात आणि मागची खिडकीही तीच असते. म्हणजे हा लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्येही निमूट बसतो. बोर्ड विकत घेणाऱ्याला एका कंपनीच्या दावणीला बांधून घ्यावे लागत नाही.

हौशी मंडळींनी ते बोर्ड लगेच उचलले. व्हीआयएच्या पहिल्या, 'एपिया' नावाच्या बोर्डांपैकी ५३३ मेगाहर्ट्‌झवाला तर पंख्याशिवाय चालायचा. वेग यथातथाच, पण उष्णता इतकी कमी की तो जुन्या रेडिओच्या लाकडी पेटीत घाला, टोस्टरमध्ये घाला, पुस्तकाच्या आकाराच्या डब्यात घाला, काही बिघडत नसे. त्या काळातल्या पुष्कळ करामती आज पोरकट वाटतात. टोस्टरमधला संगणक पाहून हसू येते आणि तिथेच गोष्ट संपते. पण त्या पोरकटपणातून एक पिढी धातू कापायला शिकली.

२००१ मध्येच शटल या दुसऱ्या तैवानी कंपनीने बुटाच्या खोक्याएवढा अॅल्युमिनियमचा संगणक आणला. बोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस तिघे एकमेकांसाठीच घडवलेले. प्रोसेसर, रॅम आणि डिस्क ग्राहकाने घालायची. काम देखणे होते, आणि उष्णता-नळ्यांनी प्रोसेसरची गरमी मागच्या पंख्यापर्यंत नेण्याची त्यांची रीत पुढे अनेकांनी गिरवली. पण बोर्डाचा आकार त्यांचा खासगी. नव्या पिढीचा प्रोसेसर आला की अख्खे खोके बदलायचे. मानक सोडले की काय होते त्याचे हे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. मिनी-आयटीएक्सचे २००५ सालचे कॅबिनेट शाबूत असेल, तर आजचा बोर्डही त्याच भोकांवर बसेल.

अॅपलच्या जुलै २००० मधल्या 'पॉवर मॅक जी४ क्यूब'चा उल्लेख टाळता येत नाही. साधारण २० सेंटिमीटरचा घन, आत पंखा नाही, मध्यातून वर जाणारी हवेची उभी वाट. वर्षभरातच त्याचे उत्पादन थांबले आणि तेव्हापासून 'लहान संगणक चालत नाहीत' याचा पुरावा म्हणून त्याला साक्षीला उभे केले जाते. मला ही साक्ष खोटी वाटते. क्यूब महाग होता, त्याच वेगाचा मोठा मॅक त्याच दुकानात स्वस्तात मिळत होता, आणि चकचकीत प्लॅस्टिकवरच्या बारीक रेघांवरून ग्राहक कुरकुरत होते. उष्णतेच्या दृष्टीने त्याची कल्पना निर्दोष होती. पुढे जानेवारी २००५ मध्ये मॅक मिनी आला, १६.५ सेंटिमीटर बाजूचा आणि ५ सेंटिमीटर उंचीचा, आणि तो आजतागायत विकला जातो आहे. मात्र त्यात घरी बांधण्यासारखे फारसे काही नाही, म्हणून त्याला इथेच नमस्कार.

आपल्या विषयाने खरे वळण घेतले ते २००९ च्या सुमारास, मिनी-आयटीएक्स बोर्डांवर नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे सॉकेट आणि ग्राफिक्स कार्डाचा पूर्ण रुंदीचा स्लॉट येऊ लागला तेव्हा. आता १७ सेंटिमीटरच्या चौरसावर मोठ्या संगणकाची सगळी ताकद मावत होती. पण तिला साजेसे कॅबिनेट बाजारात नव्हते. कंपन्यांची 'लहान' कॅबिनेटे वीस-वीस लिटरांची, कारण त्यांत अजून सीडीचा खण आणि मोठा एसएमपीएस गृहीत धरलेला. तेव्हा हौशी लोकांनी स्वतःच आराखडे काढले. २०१३ मध्ये लोकवर्गणीतून बनलेल्या 'एनकेस एम१'चे घनफळ १२.६ लिटर होते. २०१६ मधल्या 'डॅन ए४-एसएफएक्स'चे ७.२. दोन्ही कागदावर आणली ती छंद म्हणून काम करणाऱ्यांनी, आणि दोन्ही घडवली तैवानच्या लियान ली कारखान्याने. कारखाना हौशी माणसाचे रेखाटन घेऊन पत्रा वाकवतो आहे, हे दृश्य या विषयातले मला सर्वांत आवडते. मोठ्या कंपन्या नंतर याच वाटेने आल्या. कूलर मास्टरचे १८ लिटरांचे 'एनआर२००' २०२० मध्ये आले आणि या छंदाचे दार कमी पैशांत उघडले.

डॅन ए४ मध्ये रूढ झालेली मांडणी समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढची बहुतेक कॅबिनेटे तिचीच नातवंडे आहेत. नेहमी ग्राफिक्स कार्ड बोर्डावर काटकोनात उभे राहते आणि त्यामुळे खोके रुंद होते. इथे कार्ड बोर्डाच्या पाठीमागे, पाठीला पाठ लावून बसते, आणि दोघांना जोडते ती वळवता येणारी सपाट केबल, जिला रायझर म्हणतात. मधे एक पत्रा असतो. एका बाजूच्या जाळीतून प्रोसेसरचा कूलर बाहेरची हवा ओढतो, दुसऱ्या बाजूच्या जाळीतून कार्डाचे पंखे. दोघांच्या हवेचा मार्ग वेगळा. रायझरची स्वतःची एक खोड आहे. पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीसाठी बनवलेली केबल चौथ्या पिढीच्या कार्डाला लावली की सिग्नलचा वेग ८ वरून १६ गिगाट्रान्सफर होतो, केबलला तो झेपत नाही आणि पडदा काळाच राहतो. नवखा माणूस कार्ड मेले म्हणून दुकानात धावतो. बायोसमध्ये जाऊन स्लॉट तिसऱ्या पिढीवर बांधला की बहुधा सगळे सुरळीत होते.

लिटरांविषयी थोडे. या क्षेत्रात आकार घनफळात सांगतात आणि वीस लिटरांच्या आत असेल त्याला लहान म्हणायचा सर्वसाधारण संकेत आहे. पाय मोजायचे की नाही, वर आलेली मूठ मोजायची की नाही, यावर तावातावाने वाद होतात. सर्वांत मोठी लबाडी बाहेरच्या अॅडॅप्टरची. वीट टेबलाखाली लपवायची आणि चार लिटरांचा अभिमान मिरवायचा. एका मर्यादेनंतर लिटर कमी करणे हा निव्वळ अहंकाराचा खेळ होतो असे माझे मत आहे. सात लिटरांचा संगणक साडेसहाचा करताना टेबलावरची जागा वाढत नाही, आवाज मात्र वाढतो.

आता मुख्य विषय, उष्णता. संगणक जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. खोके लहान केल्याने ती कमी होत नाही. समजा प्रोसेसर, कार्ड आणि इतर भाग मिळून ४०० वॅट खर्च करतात. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो, आणि एक किलो हवा एका अंशाने तापायला साधारण १००० ज्यूल लागतात. आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर जाणारी हवा १० अंशांनीच गरम असावी असे ठरवले, तर दर सेकंदाला सुमारे ३३ लिटर हवा खोक्यातून जायला हवी. दहा लिटरांच्या खोक्यातली हवा सेकंदाला तीनदा बदलायची. १२० मिलिमीटरच्या एका चांगल्या पंख्यावर तासाला शंभर घनमीटरचा आकडा लिहिलेला असतो, म्हणजे सेकंदाला २८ लिटर, आणि तोही मोकळ्या हवेत, पूर्ण वेगाने. समोर जाळी आणि मागे पंखपट्ट्या आल्या की तो बराच खाली येतो. हे गणित शाळकरी आहे. पण कोणताही भाग विकत घेण्याआधी ते एकदा कागदावर मांडणारा माणूस या छंदात निम्मी लढाई जिंकून येतो.

पंख्याचे नियम त्याहून रंजक आहेत. फेरे दुप्पट केले की हवा दुप्पट, दाब चौपट आणि पंख्याला लागणारी शक्ती आठपट. आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. उलट, फेरे २० टक्क्यांनी कमी केले तर हवा २० टक्क्यांनीच घटते, पण आवाज जवळजवळ ५ डेसिबलने उतरतो आणि तो कानाला स्पष्ट कळतो. म्हणून बायोसमधली पंख्याची वक्ररेषा, म्हणजे कोणत्या तापमानाला किती फेरे हे, स्वतः आखणे हे या क्षेत्रातले सर्वांत स्वस्त आणि फलदायी काम आहे. कंपनीने घालून दिलेली वक्ररेषा बहुतेक वेळा घाबरट असते. ब्राउझर उघडला की प्रोसेसर क्षणभर तापतो आणि पंखा किंचाळून उठतो. त्याला काही सेकंद थांबून प्रतिसाद द्यायला शिकवले की खोलीत शांतता नांदते.

'गरम हवा वर जाते' हे वाक्य या विषयात गरजेपेक्षा फार जास्त वेळा ऐकू येते. पंखा नसलेल्या क्यूबमध्ये ते लाखमोलाचे होते. पंखे असलेल्या दहा लिटरांत मात्र तेच हवेला ढकलतात आणि वर जाण्याची तिची स्वतःची ओढ त्यापुढे किरकोळ ठरते. खरा शत्रू वेगळाच आहे : बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जाणे. प्रोसेसरचा ४७ मिलिमीटर उंचीचा बुटका कूलर आणि बाजूची जाळी यांत दोन सेंटिमीटरांची फट असली, की पंखा जाळीतून ताजी हवा ओढण्याऐवजी सोप्या वाटेने आतलीच तापलेली हवा ओढतो आणि तीच पुन्हा पंखपट्ट्यांवर मारतो. उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे. पंख्याच्या कडेने स्पंजची चौकट कापून ती जाळीला टेकेल अशी चिकटवायची. हवेला बाहेरूनच यावे लागते. तापमान काही अंशांनी उतरते. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीने आपल्या ३७ मिलिमीटर उंचीच्या कूलरसाठी असा स्पंजी नळा अधिकृतपणे विकायला काढला. हौशी लोक ते काम खुर्चीच्या उरलेल्या फोमने आधीपासूनच करत होते.

बुटक्या कूलरांना बळ देते ती तांब्याची उष्णता-नळी. तिची मुळे लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत आहेत, जिथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये तिच्यावर काम केले. नळीत थोडे पाणी आणि खूप कमी दाब असतो. प्रोसेसरच्या टोकाला पाण्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला ती थंड होऊन पाणी होते, आणि आतल्या भिंतीवरचा सच्छिद्र थर दिव्याच्या वातीसारखा ते पाणी परत ओढून आणतो. या परतीच्या प्रवासात गुरुत्वाकर्षण आडवे आले तर नळीची क्षमता घटते. म्हणून तेच ग्राफिक्स कार्ड आडवे, उभे किंवा उलटे बसवले की तापमान बदलू शकते, आणि खोके कोणत्या कुशीवर ठेवायचे याचा विचार आराखड्यातच करावा लागतो.

इथे आपल्या हवामानाचा विचार करावाच लागतो. कूलरांच्या परदेशी चाचण्या बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. खोली जितके अंश तापते, जवळजवळ तितकेच अंश आतले प्रत्येक तापमान चढते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपुरात पारा ४५ ओलांडतो, खोलीत ३८ अंश असणे नवलाचे नाही. चाचणीत ७८ अंशांवर समाधानी दिसलेला प्रोसेसर तिथे ९४ वर जाऊन स्वतःचा वेग कापू लागेल. कोकणपट्टीत तापमान सुसह्य, पण खारी दमट हवा स्क्रूंवर आणि उघड्या पत्र्यावर काम करत राहते. शहरांत चोहीकडे बांधकामे, त्यांची सिमेंटची बारीक धूळ पंखपट्ट्यांत जाऊन बसते. तेव्हा आत येणाऱ्या हवेपुढे सहज काढून धुता येईल अशी गाळणी हवी. गाळणी हवा अडवते, म्हणजे पंख्याचे गणित पुन्हा मांडायचे. इथल्या वाचकाने आराखड्यात पंधरा अंशांची सवड ठेवावी. ती पुस्तकांत लिहिलेली सापडणार नाही.

एवढी सवड आणायची कुठून? सर्वांत चांगली वाट म्हणजे उष्णता निर्माणच कमी करणे. चिपमधली बदलत्या सिग्नलांची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवले आणि वेग तोच ठेवला, तर ही शक्ती १९ टक्क्यांनी घटते. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडले होते की ट्रान्झिस्टर लहान होतील तसे व्होल्टेजही उतरवता येईल आणि चिपच्या क्षेत्रफळामागे उष्णता वाढणार नाही. २००५ च्या आसपास ही सवलत संपली. व्होल्टेज आणखी उतरेना, गरमी साठू लागली, आणि कंपन्या शेवटच्या पाच टक्के वेगासाठी बेसुमार वीज ओतू लागल्या. लहान खोके बांधणारा तेवढे पाच टक्के सोडून देतो आणि बदल्यात पंचवीस-तीस टक्के उष्णतेतून सुटतो. प्रत्येक चिप थोडी वेगळी असल्याने व्होल्टेज पायरीपायरीने उतरवायचे, प्रत्येक पायरीला तासभर जड काम लावून पाहायचे, संगणक अडखळला की एक पायरी मागे यायचे. या कामाला पैसा लागत नाही. ग्राफिक्स कार्डालाही हीच रीत लागू आहे, आणि तिथे फायदा बहुधा अधिक मिळतो.

एवढ्यावरून या क्षेत्राचा स्वभाव ध्यानात आला असेल. मोठ्या कॅबिनेटमध्ये प्रत्येक भाग स्वतंत्रपणे निवडता येतो. आवडले ते घ्या, जागा आहेच. लहान खोक्यात कोणताही निर्णय एकटा येत नाही. कूलर दहा मिलिमीटरने उंच हवा म्हटले की मधला पत्रा सरकतो. पत्रा सरकला की तीन स्लॉट जाडीचे कार्ड बसत नाही. दोन स्लॉटांचे कार्ड घेतले की त्याची वीज कमी, म्हणून १२५ × १०० × ६३.५ मिलिमीटरचा एसएफएक्स एसएमपीएस पुरतो. हे घनफळ नेहमीच्या एसएमपीएसच्या निम्म्याहूनही कमी आहे. मग तिथे उरलेल्या जागेत केबल वळवता येतात, आणि केबल वळल्या म्हणून खालच्या पंख्यासमोरची वाट मोकळी राहते. संगणक म्हणजे भागांची यादी नसून भागांमधली नाती आहेत, हे विधान मोठ्या कॅबिनेटसमोर बसून केले तर पोकळ वाटेल. सात लिटरांत हात घातल्यावर त्याचा प्रत्येक शब्द मिलिमीटरांत मोजता येतो. माझ्या मते हा छंद शिकण्याच्या लायकीचा आहे तो याचसाठी.

हातकामाविषयी इथे थोडक्यात सांगतो, कारण ते वाचून येत नाही. दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा साध्या करवतीने कापता येतो आणि त्यात एम३ आकाराचे आटे हाताने पाडता येतात. कडा कानशीने मारल्याशिवाय पुढे जायचे नाही. कापताना उडालेला एखादा चमकता कण बोर्डाच्या दोन बिंदूंमध्ये अडकला तर हजारो रुपयांचा धूर होतो, म्हणून कापाकापी एका खोलीत आणि जोडणी दुसऱ्या. थ्रीडी प्रिंटरवर भाग छापायचे असतील तर पीएलए हे सोपे प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते हे लक्षात ठेवावे. कार्डाच्या मागच्या बाजूला ते महिन्याभरात वाकते. तिथे पीईटीजी किंवा एबीएस हवे. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या पेस्टऐवजी द्रवधातू वापरायचा मोह बऱ्याच जणांना होतो. त्यात गॅलियम असते आणि गॅलियम अॅल्युमिनियमला पोखरून टाकते, तेव्हा कूलरचा तळ तांब्याचा किंवा निकेलचा मुलामा दिलेला आहे याची खात्री करूनच बाटली उघडावी.

दोन गोष्टींबाबत मात्र हातचे राखून बोलता येत नाही. पहिली, एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या केबल. बोर्डाच्या टोकाला त्या मानकानुसार असतात, एसएमपीएसच्या टोकाला प्रत्येक कंपनीची मर्जी. एकाची केबल दुसऱ्याच्या एसएमपीएसला चपखल बसते आणि चुकीच्या तारेत १२ व्होल्ट पाठवून डिस्क जाळते. आखूड केबल स्वतः बनवताना प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासावी. दुसरी, एसएमपीएसचे पोट. पंखा बदलायच्या हौसेने ते उघडणारे पुष्कळ आहेत. आतल्या कपॅसिटरवर ४०० व्होल्टांच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो. ज्याला उच्च दाबाच्या कामाची सवय नाही त्याने ते झाकण मिटलेलेच ठेवावे. त्याला लागूनच अर्थिंगचा मुद्दा येतो. जुन्या चाळींत आणि वाड्यांत तिसऱ्या पिनला खरी अर्थिंग नसते. अशा ठिकाणी एसएमपीएसमधल्या गाळणीच्या कपॅसिटरांमुळे धातूच्या खोक्यावर मेन्सच्या निम्मा, म्हणजे सव्वाशेच्या आत-बाहेर व्होल्टांचा दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी क्षीण, पण बोटांना झिणझिण्या येतात. रंग न दिलेले अॅल्युमिनियमचे देखणे खोके बांधण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेणे चांगले.

या छंदावरचे आक्षेपही खरे आहेत. लहान भाग महाग पडतात. त्याच ताकदीचा मिनी-आयटीएक्स बोर्ड मोठ्या बोर्डापेक्षा जास्त पैसे मागतो आणि रॅमच्या दोनच खाचा देतो. एसएसडी बदलायची तर कधी कधी अर्धा संगणक सोडवावा लागतो. आणि ज्याला फक्त जागा वाचवायची आहे त्याच्यासाठी लॅपटॉप आहेच. या शेवटच्या मुद्द्यावर मात्र थांबावे. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बोर्डावर टाचलेला असतो. इथे प्रत्येक भाग सुटा आहे, बिघडला तर एकटा बदलता येतो, आणि दहा वर्षांनी खोके तेच ठेवून आतला संगणक नवा करता येतो.

ही मुभा पुढे राहील का, यावर सध्या खरा वाद आहे. ग्राफिक्स कार्डे जाड होत चालली आहेत, तीन-तीन स्लॉट आणि तीनशेहून जास्त वॅट. दुसऱ्या टोकाला प्रोसेसर, ग्राफिक्स आणि मेमरी एकाच बोर्डावर टाचण्याकडे कल आहे. फ्रेमवर्क या दुरुस्तीस्नेही म्हणून नाव कमावलेल्या कंपनीने २०२५ मध्ये ४.५ लिटरांचा डेस्कटॉप जाहीर केला. बोर्ड मिनी-आयटीएक्स मापाचा, पण रॅम टाचलेली. कारण तांत्रिक आहे : तिथल्या एएमडी चिपला मेमरीशी २५६ बिट रुंदीचा वेगवान संवाद लागतो आणि खाचेत बसणाऱ्या नेहमीच्या रॅमला तो जमत नाही. सपाट बसणारे, स्क्रूने काढता येणारे मेमरीचे नवे मानक डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. ते डेस्कटॉपवर रुजले तर सुटेपणा टिकेल. नाही रुजले तर घरी बांधण्यासारखे खोके तेवढे उरेल.

सुरुवात कुठून करावी, हा प्रश्न नवा वाचक सगळ्यात आधी विचारतो. सात लिटरांच्या महागड्या कॅबिनेटपासून करू नये. कार्यालयांतून निवृत्त होणारे एक लिटरचे संगणक जुन्या मालाच्या बाजारात मिळतात. लेनोव्होचे टायनी, एचपीचे मिनी, डेलचे मायक्रो. साडेतीन सेंटिमीटर जाड, ३५ वॅटचा प्रोसेसर, बाहेर अॅडॅप्टर. असा एक आणून उघडावा. पंख्याने ओढलेली हवा कोणत्या फटीतून आत येते, प्लॅस्टिकच्या एका वळलेल्या तुकड्याने तिला कुठे वळवले आहे, रॅम बोर्डाच्या कोणत्या बाजूला लपवली आहे, हे पाहत बसावे. त्याची पेस्ट बदलावी, वक्ररेषा आखावी, आधीचे आणि नंतरचे तापमान खोलीच्या तापमानासकट वहीत लिहावे. त्यानंतर स्वतःच्या खोक्याचा आराखडा काढताना बोर्ड, कार्ड आणि एसएमपीएस यांचे पुठ्ठ्याचे ठोकळे प्रत्यक्ष मापात कापून ते टेबलावर आठवडाभर हलवून पाहावेत. आणि केबलच्या जाडीचे ठोकळेही करावेत, कारण पहिल्या आराखड्यात केबलना जागा कोणीच ठेवत नाही.